धुराला जागा

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज ओपल ड्रमंडला दुसरी नोटीस दिली. दारावर चिकटवली असती तरी चाललं असतं, पण मग लोक म्हणतात मॅनेजरीण तोंड चुकवते. म्हणून हातात दिली.

दोनशे चार नंबर, दुसरा मजला. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आयुष्यभर शाळेची बस चालवली, त्यामुळे आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. कॅन्सर गेला, पण औषधांनी तळपायांच्या नसा जाळून ठेवल्या. तापलेल्या वाळूत उभं केल्यासारखं वाटतं म्हणे. गांजाचे चार झुरके मारले की वाळू थंड होते.

"गोळ्या दिल्यात ना डॉक्टरांनी?" मी म्हटलं.

"गोळ्या घेतल्या की मी सोफा होते, मॅनेजरीणबाई. झुरके मारले की निदान माणसात राहते."

मी इमारत चालवणाऱ्या कंपनीचा नियम सांगितला. तिलाही पाठ आहे तो. वृद्धांच्या या इमारतीत धूर नाही. सिगरेटचा नाही, गांजाचा तर नाहीच. राज्यात गांजा कायदेशीर असेल, पण इथल्या म्हाताऱ्यांचं निम्म्याहून जास्त भाडं केंद्र सरकार भरतं, आणि केंद्राच्या लेखी तो गुन्हा आहे. तिसरी नोटीस म्हणजे घर खाली करायचं.

तक्रार अर्थातच तिच्या डोक्यावर राहणाऱ्या लेलंड व्हॉसची. ऐंशीचा, निवृत्त पोस्टमन, एकटा. तक्रार करायला येतानासुद्धा इस्त्रीचा शर्ट, पाणी लावून बसवलेले केस. तक्रार सांगून झाली तरी ऑफिसातून हलत नाही. "काय म्हणाली ती? फार चिडली का? जेवते-बिवते ना नीट?" रिकामा माणूस, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला वेळच वेळ.

धुराबद्दल मला मात्र कोणी शिकवू नये. माझा नवरा रे गेला तेव्हा त्याची फुप्फुसं डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली होती. निम्मी पोलाद कारखान्याने खाल्लेली, निम्मी सिगरेटने.

१७ नोव्हेंबर, रविवार

चर्चच्या पायऱ्यांपाशी सह्यांचं टेबल मांडलं होतं. बहिणीचा मुलगा टिनो याला बंद पडलेल्या स्केटिंगच्या हॉलमध्ये गांजाचं लाउंज काढायचंय. लोकांनी आपापला गांजा आणायचा, बसायचं, ओढायचा, गप्पा मारायच्या, घरी जायचं. दारू नाही. नगरपरिषदेने होकार दिला तर लार्किन गावातलं पहिलंच. मी विरोधात सही केली.

संध्याकाळी त्याचा फोन. "मावशी, माझ्याविरुद्ध सही केलीस?"

"तुझ्याविरुद्ध नाही. धुराविरुद्ध."

"गावात दारूचे बार किती आहेत, माहितीये?"

"मला काय विचारतोस? मी जाते का बारमध्ये?"

"गांजाची दुकानं उघडायला गावानेच मतं दिली ना? लोक विकत घेतात. मग ओढायचा कुठे?"

"घरी ओढावा."

"कोणाच्या घरी, मावशी?"

"ज्याच्या त्याच्या!"

त्याने फोन ठेवला. फार उद्धट झालाय. आईच्या लाडाने बिघडला.

२ डिसेंबर, सोमवार

ओपलला पोलिसाने दंड केला. नोटीस मिळाल्यापासून ती इमारतीत ओढत नाही, खाली फुटपाथवर जाते. तेही बेकायदा. मला सांगायला स्वतःच ऑफिसात आली, पावती नाचवत.

"ओळखलं मी त्याला! तिसरीत असताना माझ्या बसमध्ये ओकला होता. मी पुसलं होतं. आज मला विचारतो, 'मॅडम, ओळखपत्र आहे का?'"

"मग फुटपाथवर कशाला उभं राहायचं?"

"कुठे राहू? सांग."

"गाडीत बसून..."

"गुन्हा."

"बागेत?"

"गुन्हा. तिथेही तोच पोरगा येतो."

"एखाद्या हॉटेलात खोली घेऊन?"

"जेवढी हॉटेलं विचारली तेवढ्या सगळ्यांत धूरबंदी."

"मुलीकडे जा मग."

"ती नेब्रास्कात. तिथे पिशवीत सापडला तरी पकडतील. वेरा, तू जन्मापासून या गावात आहेस. मला एक जागा दाखव. खिडकीतून मला गांजाचं दुकान दिसतं. विकायला अख्खा रस्ता आणि ओढायला वीतभर जागा नाही."

मी खूप आठवून पाहिलं. ज्यांची स्वतःची घरं आहेत त्यांचे मागचे ओटे सोडले तर खरंच एकही जागा आठवेना.

नंतर वर जाऊन तिच्या खोलीची पाहणी केली. पाहणी करणं भागच होतं. तिने हिरव्या मिरचीचा रस्सा केला होता, डुकराचं मांस घालून. माझ्या आईसारखा नाही, पण वाईट नव्हता. दोनदा घेतला.

१९ डिसेंबर, गुरुवार

सकाळी लेलंड व्हॉस हजर. "तक्रार आहे."

"बोला."

"दोनशे चारमधून आवाज येत नाही."

मी पेन खाली ठेवलं. "मिस्टर व्हॉस, मागच्या महिन्यात रेडिओ मोठा लावते म्हणून आला होतात तुम्ही."

"तोच. सकाळी उठल्या उठल्या लावते. आज लागला नाही. दारही वाजवून आलो."

त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून वर गेले. खोली रिकामी, अंथरूण आवरलेलं, कोट जागेवर नाही. जिन्यात नाही, कपडे धुण्याच्या खोलीत नाही. शेवटी मागच्या बाजूला सापडली, कचऱ्याचे मोठे डबे आणि भिंत यांच्या फटीत, जिथे वारा लागत नाही आणि रस्त्यावरून कोणाला दिसत नाही. बर्फावरून घसरली होती. मनगट वाकडं झालेलं, ओठ निळे. बर्फात गांजाची न पेटवलेली विडी पडलेली.

"हाक का नाही मारलीस?" मी ओरडलेच तिच्यावर. "दहा पावलांवर माझी खिडकी आहे!"

"हाक मारली असती तर विचारलं असतंस, इथे काय करत होतीस," ती म्हणाली. दात वाजत होते. "आणि मग तुला लिहावं लागलं असतं."

अँब्युलन्सबरोबर मी गेले. परत आले तेव्हा लेलंड खालीच उभा. सकाळपासून तिथेच असावा. मनगट मोडलंय, बाकी ठीक आहे म्हटल्यावर टोपी काढली आणि परत घातली. एवढंच.

५ जानेवारी, रविवार

ओपल घरी आली. प्लास्टर कोपरापर्यंत. बाहेर बर्फ अजून तसाच, त्यामुळे खाली उतरायचा प्रश्न नाही. दुसऱ्या मजल्यावर गेले की मला थोडा वास येतो. न्हाणीघराचं दार लावून, तिथला पंखा सुरू करून ओढत असणार.

पण तक्रार आलेली नाही. तक्रार नाही म्हणजे मला लिहायचं कारण नाही. वास मला आला हे कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे इथे लिहिलंय, पण ही वही कंपनीची नाही.

लेलंड तर कित्येक दिवसांत ऑफिसात फिरकला नाही. थकला एकदाचा, बरं झालं. आज टपालाच्या पेट्यांपाशी भेटला. तोंडाला मफलर. "सर्दी," म्हणाला.

"बाकी सगळं ठीक?"

"झकास." आणि भिंतीला हात लावून बराच वेळ खोकला.

१३ जानेवारी, सोमवार

आज दुसरी अँब्युलन्स. लेलंड. शेजारणीने भिंतीपलीकडून खाट पडल्यासारखा आवाज ऐकला आणि मला बोलावलं. मी चावीने उघडलं.

घरात बाहेरच्याइतकीच थंडी होती. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. कोट, टोपी घालून जमिनीवर पडलेला. न्हाणीघरात गेले तर भिंतीतली हवेची जाळी ओल्या टॉवेलांनी बुजवलेली, कडांना चिकटपट्टी. खालच्या न्हाणीघराच्या पंख्याची नळी तिथूनच वर जाते.

फुप्फुसं आधीपासूनच फुगलेली आहेत म्हणे, कित्येक वर्षांपासून. मला कधी बोलला नाही. इस्पितळात नाकाला नळी लावून बसवला होता.

"खालून धूर येत होता तर सांगायचं नाही का?" मी म्हटलं. "एरवी साध्या रेडिओसाठी खाली येता!"

त्याने श्वास घेतला, सोडला, परत घेतला. "तिसरी नोटीस झाली असती ती."

नियम चांगला पाठ आहे म्हाताऱ्याला. मला उगाच त्याचा राग आला आणि का आला तेही समजेना.

१४ जानेवारी, मंगळवार

ओपलला सांगावं लागलं. टॉवेलांचंही सांगितलं.

ती खुर्चीत बसली. म्हणाली, "मूर्ख आहे." मग परत म्हणाली. "मूर्ख आहे तो माणूस. पहिल्याच वेळेला माझं दार वाजवून सांगायचं ना, बाई, मला दम लागतो म्हणून! त्याऐवजी तुझ्या ऑफिसला खेपा घालत बसला."

मग गांजाची डबी काढून माझ्या हातात दिली. "घेऊन जा."

"कुठे ठेवू? माझी खोलीही कंपनीचीच आहे."

दोघींना हसू आलं. हसता हसता ती रडली, मला वाटतं पायांमुळे. डबी शेवटी रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला परत देऊन आले. जन्मात पहिल्यांदा त्या दुकानात शिरले. दारातला रखवालदार माझं वय विचारत होता.

२१ जानेवारी, मंगळवार

आठवडाभर ओपलने एकही झुरका घेतलेला नाही. काल पाहिलं, पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून बसली होती. गोळ्या घेते आणि दुपारी तीनला मला 'गुड मॉर्निंग' म्हणते.

टिनोच्या हॉलवर गेले. तो शिडीवर होता. मला बघून खाली उतरला नाही.

"मावशी, अजून कुठे सही करायची राहिली का?"

"हवा कुठे जाते ते दाखव."

मग उतरला. छतावरचे पंखे दाखवले, कोळशाच्या गाळण्या दाखवल्या. रस्त्यावर वास येणार नाही म्हणाला. मी विचारलं, इथून ओढून निघालेला माणूस गाडी चालवत जाईल आणि कोणाला चिरडेल त्याचं काय? तर म्हणाला, "बारमधून निघणाऱ्यांना विचारतेस का हे?" मग जरा नरमून म्हणाला, "पण विचारलंस ते बरोबर आहे. गाडीची चावी दारात जमा. घरी सोडायला व्हॅन ठेवतोय."

"आणि आत कोणी पडलं तर?"

"तर बाकीच्यांना दिसेल, मावशी. म्हणून तर चार माणसांत बसायचं."

मला ते कचऱ्याचे डबे आणि ती फट आठवली. सोमवारी नगरपरिषदेत लोकांची मतं ऐकणार आहेत. मी येते म्हणून सांगितलं.

संध्याकाळी डेन्व्हरहून हॅडलीबाईंचा फोन. कंपनीच्या आमच्या वरच्या साहेब. कोणी कळवलं देव जाणे. "सभेत इमारतीचं नाव घ्यायचं नाही, मिसेस माएस्तास. खरं तर तुम्ही बोलूच नये."

"माझं स्वतःचं नाव घेऊ का?"

"तुमचं घर नोकरीबरोबर आहे एवढं लक्षात असू द्या."

एकोणसाठ वर्षांची आहे मी. नोकरी गेली तर बहिणीच्या सोफ्यावर. म्हणजे मीही ओपलसारखीच की. हे याआधी कधी डोक्यात आलं नव्हतं.

२७ जानेवारी, सोमवार

सभेहून आत्ताच आले.

सभागृह भरलं होतं. विरोधात बोलणारे जास्त, आणि सगळे काही चुकीचं बोलत नव्हते. एका आईने सांगितलं, मुलांची शाळा तिथून जवळ आहे. मलाही पटलं ते. मग एक सदस्य म्हणाले, "नागरिकांना कोणी अडवलेलं नाही. त्यांनी आपल्या घरी बसून खुशाल ओढावा." सभागृहात माना डोलल्या. नोव्हेंबरमध्ये हेच वाक्य मी टिनोला ऐकवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा कसंतरीच झालं.

माझी पाळी आली. घरी पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "मी वेरा माएस्तास. मी विरोधात सही केली होती, ती परत घ्यायला आलेय. मला गांजाचा वास अजिबात आवडत नाही. माझा नवरा धुराने गेला. पण साहेब, घर म्हणजे कोणाचं? या गावात निम्मे लोक भाड्याने राहतात आणि भाड्याच्या घरात ओढला तर त्यांना बाहेर काढायचं काम माझ्यासारख्यांचं. बाहेर गेले की पोलीस. मग ते कचऱ्याच्या डब्यामागे जातात. गेल्या महिन्यात मी एका म्हातारीला तिथून उचललंय. ज्याला ओढायचाय तो ओढणारच आहे. कुठे ओढायचा एवढंच तुमच्या हातात आहे." आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण वेळ संपल्याची घंटी वाजली.

खाली बसले तर मागून चाकांचा आवाज. बघते तर लेलंड, ऑक्सिजनची टाकी ओढत, आणि शेजारी प्लास्टर घातलेली ओपल. दोघं सिटी बसने आले होते! मला न सांगता! शनिवारीच तर त्याला इस्पितळातून सोडलं होतं.

लेलंडला माइकपर्यंत पोचायला वेळ लागला.

"माझ्या खाली एक बाई राहते," तो म्हणाला. "तिने ओढला की माझा श्वास जातो. नाही ओढला तर तिचे पाय जळतात. मी तक्रार केली तर तिचं घर जाणार. नाही केली तर मी जाणार. मी दोन्ही करून बघितलं." इथे थांबून श्वास घेतला. "धूर मला नकोय. बाई मला हवीय. खालीच. तुम्ही फक्त धुराला दुसरी जागा द्या."

शब्द थोडे चुकले त्याचे, दम लागला होता. ओपल जमिनीकडे बघत होती. ती बर्फात पडली होती तेव्हाही तिचा चेहरा इतका लाल मी पाहिला नव्हता.

चार विरुद्ध तीन. होकार. अटी बऱ्याच आहेत: शाळा सुटल्यानंतरच उघडायचं, हवेची तपासणी, काय न् काय. टिनोने मला उचललं, सगळ्यांसमोर. पाठ दुखतेय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीची लेखी ताकीद आली. यापुढे असं काही झालं तर नोकरी नाही. सही करून परत पाठवली. हॅडलीबाई फोनवर म्हणाल्या, "वैयक्तिक घेऊ नका." मी म्हटलं, "घेतलं नाही." मग म्हणाल्या, त्यांच्या आईच्या पायांचंही असंच आहे.

१५ मार्च, शनिवार

परवान्याला वेळ लागतोय. तोपर्यंत दर शनिवारी ओपलला टिनोच्या घरी नेते. घर त्याचं स्वतःचं आहे, मागे ओटा आहे. ती ओट्यावर बसून ओढते, मी स्वयंपाकघरात बसते. येताना गाडीच्या काचा उघड्या ठेवते, कितीही थंडी असली तरी. आठवड्यातला एक दिवस बरा जातो तिचा. बाकीचे सहा दिवस दात आवळून काढते, पण इमारतीत पेटवलेला नाही. शब्दाची पक्की आहे.

लेलंड रोज वाचून झालेला पेपर माझ्याकडे देतो, "दोनशे चारला द्या" म्हणून. आत कधी कधी चिठ्ठी असते. मी वाचत नाही. जन्मभर गावाला टपाल वाटणाऱ्या माणसाला स्वतःचं टपाल एक मजला उतरवत नाही म्हणजे कमाल आहे.

७ जून, शनिवार

आज टिनोचं लाउंज उघडलं. ओपलने केस सेट करून घेतले होते. निघताना बघते तर लेलंड माझ्या गाडीपाशी उभा. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑक्सिजनची नवी छोटी टाकी.

"तुम्ही कुठे निघालात?" मी म्हटलं. "तिथे सगळा धूरच आहे. तुमच्यासाठी काही नाही तिथे."

"मॅनेजर म्हणून तुम्ही फार हुशार आहात," असं म्हणून दार उघडून बसला.

तपासणीवाल्यांच्या अटीमुळे टिनोला मध्ये जाड काच घालावी लागली आहे. अलीकडे कॉफी, सरबत, साधी हवा. पलीकडे बैठक. ओपल आत गेली. बऱ्याच जणांना ती ओळखत होती. निम्मे तिच्याच बसमधून शाळेत गेलेले. एक वेल्डर उठून तिला खुर्ची देत होता. एक निवृत्त नर्स होती, तिचेही हात सुजलेले. ओपलने चार झुरके घेतले, पाय समोर पसरले, आणि मग कोणीतरी काहीतरी बोललं आणि ती हसली. आवाज काचेतून येत नव्हता, पण हसताना मान मागे टाकली. तिची पाठ खुर्चीला टेकलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

लेलंडने खुर्ची ओढून थेट काचेला लावली. खिशातून फोन काढला, चष्मा चढवला, नंबर फिरवला. पलीकडे ओपलची पर्स वाजली. तिने फोन बघितला, काचेकडे बघितलं. मग आपली खुर्ची उचलून त्याच्या समोर आणून ठेवली. गुडघ्याला गुडघा, मध्ये काच. बोलत बसले. कॉफी दोनदा गार झाली त्याची.

मला राहवेना. जाऊन म्हटलं, "मिस्टर व्हॉस, एका इमारतीत राहता. घरी दार वाजवून बोलता येत नाही का?"

त्याने फोनवर हात ठेवला. "घरी दार वाजवायला कारण लागतं, वेरा."

मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली. मी काउंटरपाशी जाऊन टिनोला कप विसळायला मदत केली. वास येत होता थोडा. चालवून घेतला.

उजेड होता तोवरच निघालो. ओपलने वास लागलेलं स्वेटर काढून डिकीत टाकलं. मी पुढचं दार उघडून धरलं, तर दोघंही मागे बसले. मी पुढे एकटी, टॅक्सीवालीसारखी. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. काचा खाली केल्या. पुलाजवळ सिग्नलला थांबले तेव्हा लेलंडला दम तर लागला नाही ना, हे बघायला आरशात पाहिलं. दम लागला नव्हता, ओपलचा हात त्याच्या हातात होता.

मग आरसा छताकडे वळवला आणि तशीच घरापर्यंत गाडी चालवली.